लेह, केदारनाथला जाताय? मग हातापायाच्या बोटांतलं रक्त असं सांभाळा

परवा आमच्या गल्लीतल्या एका पोरीचा लेहवरनं फोन आला. घाबरलेली होती, म्हणाली, "काका, ऑक्सिमीटर ७१ दाखवूलालंय, मला काय होऊलालंय?" मी विचारलं बसल्या जागी दम लागतोय का, चालताना तोल जातोय का, खोकला येतोय का, डोकं ठणकतंय का, तर सगळ्याला नाहीच म्हणाली, फक्त बोटं बर्फासारखी झाल्यात आणि नखं निळसर दिसतायत एवढंच. म्हटलं जीभ बाहेर काढ आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघ कसल्या रंगाची आहे. गुलाबी होती. मग म्हटलं दोन्ही हात काखेत घालून दहा मिनिटं गप बस, वर गरम पाणी पी आणि मग परत मशीन लाव. दहा मिनिटांनी ८७ आलं. पोरगी तीच, हवा तीच, मशीन तेच, बदललं काय तर बोटाच्या कातडीत रक्त परत आलं.

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, आता रिटायर होऊन बेळगावातच असतो. नोकरीतली काही वर्षं वरच्या भागात गेली, तिथं पोरांची बोटं बघण्यात माझा जेवढा वेळ गेला तेवढा दुसऱ्या कशात गेला नसेल. आता आपल्या भागातनं, बेळगाव खानापूर निपाणी चिकोडी सगळीकडनं लोक वर जातात, गोवा एक्स्प्रेसनं दिल्ली गाठायची आणि तिथनं लेहचं विमान, नाहीतर यात्रा कंपनीच्या बसनं केदारनाथ, अमरनाथ. जाण्याआधी सगळे विचारतात ते डोकेदुखीच्या गोळीचं आणि ऑक्सिजनच्या डब्याचं. बोटांचं कुणीच विचारत नाही, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी हे बघा की वर गेल्यावर कातडीचं रक्त जातं कुठं

हे कळलं की पुढच्या सगळ्या सूचना पाठ करायची गरजच नाही, तुमच्या तुम्हाला सुचत जातील, म्हणून इथं जरा वेळ घेतो.

आपलं बेळगाव समुद्रापासनं साधारण ७५० मीटर उंच. लेह ३५०० मीटर, केदारनाथ ३५८३, अमरनाथची गुहा ३८८८, आणि लेहजवळची खारदुंग ला खिंड ५३५९ मीटर. वर हवेत ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो पण प्रमाण तेच असतं, २१ टक्के, दाब कमी असतो. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोनतृतीयांश, म्हणजे एका श्वासात जेवढा ऑक्सिजन आपल्याला इथं मिळतो त्यातला मोठा हिस्सा तिथं मिळतच नाही. त्यात दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा डिग्रीनं उतरतं.

आता उसाला पाणी पाजणाऱ्यांना लगेच कळेल असं सांगतो. हिडकल धरणात पाणी भरपूर असलं की कॅनॉलच्या टेलपर्यंत, म्हणजे अगदी शेवटच्या टोकापर्यंत पाणी जातं, टेलच्या शेतकऱ्याचं बारं चुकत नाही. पाणी कमी पडलं की पहिला सुकतो तो टेलवाला. वरच्या लोकांची दारं उघडी राहतात, त्याचं बंद. शरीराचंही असंच आहे. हृदय, मेंदू, फुप्फुस हे मुख्य कॅनॉलवरचे आणि बोटं, अंगठे, कानाची पाळी, नाकाचा शेंडा हे सगळे टेलवाले.

गळ्यात दोन्ही बाजूच्या मोठ्या धमनीपाशी ज्वारीच्या दाण्याएवढा एक छोटा अवयव असतो, तो रक्तातला ऑक्सिजन सतत तपासत असतो. ऑक्सिजन उतरला की तो मेंदूला कळवतो, मेंदू श्वास वाढवतो, नाडी वाढवतो आणि कातडीकडं जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळायला लावतो. बोटांच्या टोकाला, तळहाताला, तळपायाला, कानाला, नाकाला धमनी आणि शीर यांना थेट जोडणारे छोटे छोटे बायपास असतात. ते उघडे असले की गरम रक्त बदाबदा वाहतं आणि बोट लालबुंद, उबदार राहतं. मेंदूचा हुकूम आला की ते खटकन मिटतात. कातडीला स्वतःला जगायला रक्त फार थोडं लागतं, तिच्याकडं जाणारं बाकीचं रक्त हे अंगातली उष्णता बाहेर टाकायला असतं. आराम असताना सगळ्या कातडीत मिळून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त फिरतं आणि कडक उन्हात काम करताना तेच सहा सात लिटरपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे हे दार किती उघडतं आणि किती मिटतं याचा अंदाज करा.

गंमत अशी की ऑक्सिजन कमी झाला की रक्तवाहिनी स्वतःहून सैल व्हायला बघते, ती तिची जागच्या जागची सवय आहे. पण वर तिच्या विरोधात तिघं असतात. एक तर मेंदूकडनं येणारा आवळायचा हुकूम, दुसरी थंडी, आणि तिसरं म्हणजे जोरजोरात श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यानंही बोटाकडच्या वाहिन्या आवळतात. पहिल्या काही दिवसांत बोटांमध्ये हे तिघंच जिंकतात. म्हणून बेळगावात डिसेंबरच्या पहाटे १२ डिग्रीत ज्याची बोटं ठणठणीत असतात त्याचीच लेहला तेवढ्याच थंडीत पांढरी पडतात, यात तुम्ही कमजोर आहात असं काही नाही.

अजून एक भानगड आहे. १९३० साली थॉमस लुईस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं लिहून ठेवलंय की बोट बर्फाच्या पाण्यात घातलं तर आधी पांढरं पडतं, दुखतं, पण पाच दहा मिनिटांनी आपोआप गरम होतं, मग परत गार, परत गरम, असं चालत राहतं. शरीर मधूनमधून दार थोडं उघडून टेलवाल्याला घोटभर पाणी देतं, तो मरू नये म्हणून. उंचीवर नवीन गेलेल्या माणसात हे घोटभर पाणी उशिरा येतं आणि कमी येतं. तिथंच जन्मलेल्या लडाखी लोकांत ते चांगलं येतं, म्हणून तिथला ड्रायव्हर उघड्या हातानं टायर बदलत असला तरी ते बघून तुम्ही ग्लोव्ज काढू नका.

आणि रक्त दाट होतं. वर गेल्यावर पहिल्या दिवसांत लघवी जास्त होते, हवा कोरडी असल्यानं श्वासातनं पाणी जातं, रक्तातला पाण्याचा भाग दहा वीस टक्क्यांनी कमी होतो. नंतर काही आठवड्यांनी लाल पेशी वाढायला लागतात, त्यानं अजून दाट. दाट रक्त बारीक वाहिनीतनं हळू सरकतं हे वेगळं सांगायला नको.

तर काम दोनच आहेत, धरण भरलेलं ठेवायचं आणि पाट कुठं तुंबू द्यायचा नाही.

घरातनं निघायच्या आधी

सगळ्यात आधी तंबाखू. निपाणीच्या आसपासच्या लोकांना हे सांगणं सोपं नाही, तिथं कित्येक घरांची चूलच त्या पिकावर आणि विडीवर चालली, पण सांगायलाच पाहिजे. निकोटीन कातडीच्या वाहिन्या आवळतं, सरळ सरळ. विडी सिगारेट तर आहेच पण गुटखा, चुना तंबाखू, आणि आपल्या बायकांची मशेरी, त्यातलं निकोटीन हिरडीतनं रक्तात जातं आणि तेच काम करतं. बायका म्हणतात मी कुठं तंबाखू खाते, फक्त दात घासते. वर पहाटे मशेरी लावून बाहेर थंडीत उभं राहिलं की बोटांवर दोन दोन दारं बंद. निदान ट्रिपचे आठ दिवस बंद ठेवा, आणि निघायच्या आधीपासनंच सोडायला सुरुवात करा म्हणजे तिथं जाऊन चिडचिड नको.

दुसरं म्हणजे गोळ्या. बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः ज्यांच्या नावाच्या शेवटी 'लोल' येतं त्या, मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल वगैरे, हातपाय गार पडतात. स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत, ते धोक्याचं आहे, फक्त डॉक्टरला सांगा मी एवढ्या उंचीवर चाललोय. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची का हेही त्यांनाच विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर मुद्दाम सांगा. ती घेतल्यावर बोटांत आणि ओठांभोवती मुंग्या येतात, तो गोळीचा परिणाम असतो, रक्त थांबल्याचा नसतो. फरक असा ओळखायचा की गोळीच्या मुंग्यांमध्ये बोट गरम असतं, रंग चांगला असतो आणि टाचणीचं टोक लावलं तर नीट कळतं.

शुगरवाल्यांनी जास्त जपायचं. ज्यांच्या पायाला आधीच बधिरपणा आहे त्यांना गार पडलेलं कळतच नाही, त्यांनी रोज रात्री सॉक्स काढून तळपाय आणि बोटांच्या बेचक्या डोळ्यांनी बघायच्या, स्वतःला दिसत नसेल तर बरोबरच्या माणसाला बघायला सांगायचं, लाजायचं काही कारण नाही.

ज्यांची बोटं इथंच थंडीत किंवा फ्रिजमधली बाटली धरल्यावर पांढरी, मग निळी, मग लाल होतात त्यांना रेनॉडचा त्रास असू शकतो, त्यांनी वर जाण्याआधी डॉक्टरला दाखवल्याशिवाय निघूच नये.

बूट. खडेबाजारात नाहीतर कुठंही घ्या, पण संध्याकाळी जाऊन घ्या, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. जे जाड सॉक्स वर घालणार तेच घालून बघा, आणि आत पायाची सगळी बोटं पियानो वाजवल्यासारखी हलली पाहिजेत. हलत नसतील तर एक नंबर मोठा घ्या. लोक काय करतात, थंडी आहे म्हणून दोन दोन सॉक्स कोंबतात आणि बूट इतका घट्ट होतो की पाय आतल्या आत गुदमरतो. घट्ट दोन सॉक्सपेक्षा सैल एक लोकरी सॉक्स कधीही बरा. सुती नको, घाम धरून ठेवतो.

आता जोडव्यांचं.

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय कारण आमच्या आक्काच्या बाबतीत झालं. आक्का साठी पार केलेली, गल्लीतल्या बायकांबरोबर सप्टेंबरात लडाखला गेली होती. उंचीवर पहिल्या दोन तीन दिवसांत बऱ्याच लोकांचं तोंड, हात, पाय थोडे सुजतात, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगलेलं दिसतं, बायकांत जरा जास्तच. पँगाँगला मुक्काम होता, तिथं उंची सव्वाचार हजार मीटरच्या आसपास. पहाटे पाय आखडला म्हणून तिनं सॉक्स काढला तर जोडवं असलेलं बोट जांभळं आणि शेजारचं अगदी पांढरं, चिमटा काढला तरी कळेना. बोट सुजलं, जोडवं तेवढंच राहिलं, म्हणजे पाट तुंबला. वर चांदी, चांदीसारखा गारवा पोचवणारा दुसरा धातू नाही. बरोबरच्या एका बाईनं डोकं चालवलं, साबण लावून आणि दोरा गुंडाळून ते काढलं. अर्ध्या तासानं रंग आला, पण बोट महिनाभर हुळहुळत होतं. आक्का रडत होती ती दुखण्यानं नव्हे, जोडवी काढली म्हणून. मी तिला म्हटलं आक्का, दाजींचं आयुष्य जोडव्यात नाही, तुझं बोट मात्र त्यात अडकलेलं होतं.

तर बायांनो, जोडवी, अंगठ्या, घट्ट पाटल्या, सगळं इथंच काढून ठेवा. मनाला बरं वाटत नसेल तर जोडवी मंगळसूत्रात ओवून गळ्यात घाला, बरोबरच राहतील. पुरुषांनी पण अंगठ्या, तांब्याची कडी, घट्ट घड्याळाचा पट्टा काढायचा. दोऱ्याची युक्ती शिकून ठेवा: जाड दोऱ्याचं एक टोक अंगठीच्या खालनं सरकवायचं, उरलेला दोरा अंगठीच्या पुढं बोटावर नखाच्या दिशेनं घट्ट जवळ जवळ गुंडाळायचा आणि मग आत सरकवलेलं टोक धरून हळूहळू उलगडायचं, अंगठी दोऱ्यावरनं पुढं सरकत येते.

वर पोचल्यावर रोज काय करायचं

पहिले दोन दिवस लेहला नुसतं पडून राहायचं. हे डोकेदुखीसाठी सांगतात पण बोटांसाठीपण ते बरं.

बोटं गार पडली की लोक बोटांच्याच मागं लागतात, चोळतात, फुंकर मारतात. पहिलं काम धडाचं करा. छाती पोट गरम असेल तर शरीराला उष्णता बाहेर सोडायची हिंमत येते आणि ते बोटांचं दार उघडतं. म्हणून बिनबाह्यांचं जाकीट, टोपी, गळ्याला मफलर हे ग्लोव्जइतकंच बोटांसाठी महत्त्वाचं. मी नवीन पोरांना हेच शिकवायचो, हात गार आहेत ना, मग टोपी घाल. पोरांना वाटायचं सर काहीतरीच बोलतात, पण टोपी मफलर घालून दहा मिनिटं चालून आले की आपोआप गप्प व्हायचे.

ग्लोव्ज दोन थरांचे. आत पातळ पाचबोटी आणि वर चारही बोटं एकत्र राहतील असला मिटन. बोटं एकमेकांना ऊब देतात, वेगवेगळ्या कप्प्यात घातली की प्रत्येक बोट एकटं पडतं. फोटो काढायला वरचा मिटन काढायचा, आतला नाही. खारदुंग लाला लोक बोर्डापाशी फोटोसाठी उघड्या हातानं वीस वीस मिनिटं उभे असतात, वारा असतो, लोखंडी रेलिंगला धरलेलं असतं. इतक्या उंचीवर पंधरा वीस मिनिटांच्या वर थांबायचंच नाही.

बोटं बधिर व्हायला लागली की हात गोफणीसारखा गोल फिरवा. शेतात पाखरं हाकलताना गोफण फिरवतो तसा, खांद्यापासनं पूर्ण हात, पंचवीस तीस वेळा. रक्त बाहेरच्या दिशेला ढकललं जातं आणि बोटाच्या टोकापर्यंत जातं. दम लागत असेल तर सावकाश. पायासाठी एका पायावर उभं राहून दुसरा पाय पुढं मागं झोकायचा, आणि बुटातल्या बुटात बोटं मिटायची उघडायची, गाडीत बसलेलं असताना सुद्धा.

पाणी थोडं थोडं दिवसभर, लघवी फिकट पिवळी राहील एवढं, साधारण तीन लिटरच्या आसपास, पण बळंच घटाघटा नको, जास्त पाण्यानंही रक्तातलं मीठ उतरतं. कोमट पाणी बरं. खाणं चुकवायचं नाही, भूक मेलेली असते वर, तरी खायचं, पोटात अन्न नसेल तर शरीर ऊब कशाची तयार करणार. आपल्या गोकाकचं करदंट घेऊन जा बघा, डिंक, गूळ, सुका मेवा, टिकतं पण आणि थंडीत एक तुकडा चघळत बसलं तरी अंगात ऊब येते. कुंदा मात्र घरीच खा.

दारू नको. दारूनं कातडीच्या वाहिन्या उघडतात, माणसाला वाटतं काय गरम वाटतंय, पण ती ऊब अंगाच्या आतली असते आणि ती बाहेर चाललेली असते. दार सताड उघडं ठेवून धरण रिकामं करायचा प्रकार आहे तो, आणि त्यात थंडी कळायची बंद होते हे अजून वाईट.

गेल्या गेल्या कढत पाण्यानं आंघोळ करायची घाई नको, कढत पाण्यानं सगळी कातडी एकदम उघडते, बीपी उतरतं, आणि बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलेले मी बघितलेत. बधिर हातपाय बुखारी (खोली गरम करायची तिथली शेगडी) किंवा हीटरला लावायचे नाहीत, बधिर कातडीला चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतं. बुखारी पेटवून खोली गच्च बंद करून झोपायचं तर मुळीच नाही, त्या धुरातला विषारी वायू वासाला येत नाही आणि माणूस झोपेतच जातो.

केदारनाथवाल्यांसाठी एक. गौरीकुंडापासनं चढताना घाम येतो, सॉक्स ओले होतात, आणि वर पोचल्यावर चपला बूट काढून गार दगडावर दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं असतं. ओल्या पायाची ऊब कोरड्या पायापेक्षा कितीतरी भराभर जाते. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोरडे लोकरी सॉक्स दोन जोड ठेवा, वर पोचल्यावर एक आणि दर्शन झाल्यावर दुसरा. बाहेर आल्यावर आधी फोटो नाही, आधी पाय पुसायचे.

तोंडाची कातडी

इथं उलटं असतं. हातापायाचं रक्त आटतं आणि तोंड लाल होतं, कारण ऊन. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून हनुवटीच्या खाली, नाकपुडीच्या कडेला, कानामागं असल्या ठिकाणी भाजतं जिथं आपण सनस्क्रीन लावतच नाही. थंडी वाजत असताना भाजूलालंय हे कळत नाही, संध्याकाळी कळतं. दर दोन तासांनी लावा, ओठांना पण, आणि काळा गॉगल बाजूनं झाकणारा. आपण सावळे आहोत म्हणून आपल्याला काही होत नाही हा समज सोडा.

खोबरेल तेल घेऊन जाणारे खूप असतात. ते २४ डिग्रीच्या खालीच गोठतं, तिथं बाटलीत दगड होतो. भेगांसाठी व्हॅसलीन न्या. पण तेल, क्रीम, व्हॅसलीन काहीही चोपडलं तरी गोठण्यापासनं बचाव होत नाही, उलट संरक्षण आहे असं वाटून माणूस बेफिकीर होतो.

बिघडलंय हे कसं ओळखायचं

नखावर पाच सेकंद दाबा आणि सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. थंडीत थोडं उशिरा होतं, म्हणून हात गरम करून परत बघा. गरम केल्यावरही उशीर होत असेल तर लक्ष द्या.

सावळ्या कातडीवर पांढरेपणा पटकन दिसत नाही, राखाडी, मेणचट दिसतो, राख फासल्यासारखा. म्हणून डोळ्यांपेक्षा हातानं बघा. कातडी चिमटीत धरली तर हलली पाहिजे. खालच्या मांसावर ती सरकत नसेल, लाकडासारखी कडक लागत असेल तर ते गोठलेलं आहे. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, दुखणारं बोट जिवंत असतं, दुखता दुखता अचानक दुखायचं थांबलं आणि तरी गारच आहे तर ते बरं झालेलं नाही. बरोबरच्या माणसांचे नाक कान दर थोड्या वेळानं बघत राहा, स्वतःचं नाक स्वतःला दिसत नाही.

नखं निळी पण जीभ गुलाबी, म्हणजे गारठ्यानं बोटात रक्त कमी आहे, ऊब द्या. जीभ आणि ओठांची आतली बाजू पण निळी, बसल्या जागी दम, छातीत घरघर, फेसाळ थुंकी, किंवा दारू प्याल्यासारखं चालणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काही असेल तर उंचीचा त्रास फुप्फुसात किंवा मेंदूत गेलाय. सकाळ व्हायची वाट बघायची नाही, ऑक्सिजन लावून रातोरात खाली उतरवायचं आणि दवाखाना गाठायचा. हॉटेलवाला म्हणाला झोपल्यावर बरं वाटेल तरी ऐकायचं नाही.

ऑक्सिमीटरचा आकडा बघताना नेलपॉलिश काढलेली असावी, हात गरम असावा आणि आकडा अर्धा मिनिट स्थिर झाल्यावर वाचावा. लेहला नवीन माणसाचा ८५ ते ९० च्या दरम्यान येणं तसं नेहमीचं आहे. सावळ्या कातडीवर मशीन कधीकधी थोडा जास्त आकडा दाखवतं, म्हणून आकडा चांगला आणि माणूस वाईट दिसत असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

बोट गोठलंच तर

नुसतं पांढरं, बधिर पण मऊ असेल तर आडोशाला जा, ओले ग्लोव्ज सॉक्स काढा, हात स्वतःच्या काखेत, पाय दुसऱ्याच्या पोटावर किंवा काखेत, दहा मिनिटं. जाणीव परत आली, मुंग्या आल्या, लाल झालं तर ठीक, पण त्या दिवसाचं फिरणं तिथंच संपवा. नाही आली तर सरळ दवाखाना.

चोळायचं नाही, बर्फानं तर अजिबात नाही. १८१२ साली नेपोलियनचं सैन्य रशियातनं परतताना त्याचा सर्जन लॅरी यानं बर्फ चोळायचा सल्ला दिला, आणि तो पुढं सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोक पाळत राहिले, अजून काही जण पाळतात. गोठलेल्या मांसात बर्फाचे बारीक काटे असतात, चोळलं की ते आतनं कापतात.

दवाखाना लांब असेल आणि परत गारठ्यात जायचं नाही हे नक्की असेल तरच पाण्यात गरम करा. पाणी ३७ ते ३९ डिग्री, थर्मामीटर नसेल तर तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना कोपर बुडवून बघतात तसं, आणि ते गोठलेल्या माणसाच्या कोपरानं नाही, दुसऱ्याच्या. साधारण अर्धा तास, पाणी गार झालं की बोट बाहेर काढून गरम पाणी मिसळायचं, बोट भांड्याच्या तळाला टेकू द्यायचं नाही. रक्त परत येताना भयंकर दुखतं, चांगली धडधाकट माणसं ओरडतात. पित्ताचा, किडनीचा त्रास नसेल तर आयब्युप्रोफेन चालते. मग बोटांच्या मध्ये कोरडा कापूस, सैल पट्टी, फोड फोडायचे नाहीत, त्या पायावर चालवायचं नाही. पण वाटेत परत गोठण्याची शक्यता असेल तर गरम करूच नका, गोठलेल्या पायावर खाली उतरणं परवडतं, एकदा वितळून परत गोठलं तर बोट जातं. दवाखान्यात लवकर पोचणं महत्त्वाचं कारण बोटातल्या गुठळ्या विरघळवायची औषधं पहिल्या चोवीस तासांतच उपयोगी पडतात.

खाली आल्यावर सूज उतरते, दाटपणा काही आठवड्यांत जातो, ओठ फुटलेले भरून येतात. बोटांचा हुळहुळेपणा दोन तीन आठवड्यांत गेला नाही, किंवा कातडी काळी पडून कडक व्हायला लागली, तर इथल्या डॉक्टरला दाखवा आणि कुठल्या उंचीवर, किती वेळ गारठ्यात होता ते नीट सांगा. एकदा दुखावलेलं बोट पुढं वर्षानुवर्षं थंडीला हळवं राहतं. माझी डाव्या हाताची करंगळी अशीच आहे, सव्वीस वर्षं झाली. डिसेंबरात पहाटे मिलिटरी महादेवाकडं चालायला जातो तेव्हा बाकी नऊ बोटं गरम असतात आणि ती एकटी पांढरी पडते, मग मी तिला मुठीत आत दुमडून घेऊन चालतो.